फोर-स्ट्रोक ट्रायल्स गाडी पुण्यात घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, वजन ८२ किलो, राहायला कोथरूड. तीन वर्षं एक्सपल्स २०० घेऊन मुळशी, पानशेतकडच्या कच्च्या वाटांवर फिरणं झालं आहे, आता नीट ट्रायल्स, म्हणजे दगडधोंड्यांतून पाय न टेकता गाडी काढायचा खेळ, शिकायचं आहे. ओळखीतून एक जुनी मॉन्टेसा (होंडाच्या मालकीची स्पॅनिश कंपनी) कोटा ४आरटी, २५० सीसीची, विकायला आली आहे. मेकॅनिक म्हणतो, ‘फोर-स्ट्रोक आहे, डोळे झाकून घ्या, टू-स्ट्रोकचं इंजिन सारखं खोलावं लागतं.’ मित्र म्हणतो, ‘ट्रायल्समध्ये टू-स्ट्रोकशिवाय काही खरं नाही.’ कोणाचं ऐकायचं?

दोघांचंही नको. टू-स्ट्रोक वारंवार खोलावं लागतं हे मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर वेगाने शर्यत करायच्या, गाड्यांवरून बनलेलं मत आहे. ट्रायल्समध्ये इंजिन क्वचितच जोरात फिरतं, त्यामुळे हौशी चालवणाऱ्याकडे पिस्टन-रिंग कित्येक सीझन टिकतात. मित्राचंही तसंच. एडी लेज्यूनने १९८२, ८३ आणि ८४ अशी सलग तीन जागतिक विजेतेपदं होंडाच्या फोर-स्ट्रोकवर मिळवली. मधली वीसेक वर्षं टू-स्ट्रोकची होती हे खरं, पण २००५ मध्ये ४आरटी आली आणि २००७ पासून टोनी बोऊने त्याच घराण्यातल्या गाडीवर ओळीने जागतिक विजेतेपदं घेतली. म्हणजे इंजिनाचा प्रकार कोणाला अडवत नाही.

तुमच्यापुढचा खरा प्रश्न वेगळा आहे. ही गाडी पुण्यात शोरूमला मिळत नाही, तिचं सर्व्हिस सेंटर नाही, पार्ट बाहेरून मागवावे लागतात. म्हणून तिच्यावर पाना कोण चालवणार आणि तुम्ही ती कुठे चालवणार, या दोन गोष्टींवर फोर-स्ट्रोक परवडेल की नाही ते ठरतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण गोंधळ नेहमी होतो. रॉयल एनफिल्डने २०१९ मध्ये ‘बुलेट ट्रायल्स’ नावाने ३५० आणि ५०० सीसीच्या गाड्या आणल्या, त्या जुन्या स्पर्धांच्या आठवणीसाठी सजवलेल्या रस्त्यावरच्या बुलेट होत्या. आपण बोलतोय ती ट्रायल्स म्हणजे सीट नसलेली, पासष्ट ते पंचाहत्तर किलोची, दोन लिटरच्या आसपास टाकी असलेली, उभं राहूनच चालवायची गाडी. दगडधोंड्यांतून आखलेल्या सेक्शनमध्ये पाय टेकला की गुण चढतात: एकदा टेकला तर १, दोनदा २, त्याहून जास्त ३, आणि सेक्शन फसला तर ५. कमी गुणवाला जिंकतो. वेगाला काडीची किंमत नाही, पकड आणि तोल हेच सगळं.

फोर-स्ट्रोकची पहिली जमेची बाजू पकडीतच आहे. क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एकदा जोर लागतो, टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला. कमी आरपीएमवर दोन धक्क्यांच्या मधल्या त्या क्षणात मागचं टायर पुन्हा दगड धरतं. आपला सह्याद्रीचा काळा कातळ कोरडा असला तर कोणतीही गाडी चढते. पण जुलैत ओढ्यातल्या गोट्यांवर हिरवट शेवाळ चढलं की टू-स्ट्रोकवर थ्रॉटल केसभर जास्त उघडला तरी चाक जागेवर गरगरतं. तिथे फोर-स्ट्रोक ‘धप-धप’ करत वर जाते आणि नवशिक्याच्या हाताची चूक पोटात घालते. एक्सपल्सवर हात बसलेल्या माणसाला हा पिकअप ओळखीचाही वाटतो.

याची दुसरी बाजू मोठ्या पायरीवर दिसते. दोन-अडीच फुटांच्या उभ्या दगडावर गाडी टाकायची असते तेव्हा क्लच सोडताक्षणी इंजिन झटकन वर चढावं लागतं. टू-स्ट्रोक तो झटका लगेच देते. फोर-स्ट्रोकला क्लच दाबून आरपीएम आधी थोडे साठवावे लागतात आणि क्लच नेमक्या क्षणी सोडावा लागतो. जमतं, पण शिकायला जास्त रविवार लागतात. चाकं उचलून जागेवर उड्या मारत गाडी वळवायची असेल तर वजनही जाणवतं. आजच्या टू-स्ट्रोक साधारण ६६ ते ७० किलोच्या, फोर-स्ट्रोक ७२ ते ७६ च्या. एक्सपल्स दीडशे किलोच्या पुढची, त्यामुळे पहिल्या दिवशी दोन्ही खेळण्यासारख्या वाटतील. दोन तासांनी, विसाव्यांदा गाडी दगडातून उचलून काढताना ते पाच किलो खांद्याला कळतात. तुमच्या अंगकाठीला ते झेपतील. पन्नास-पंचावन्न किलोच्या मुलाने किंवा मुलीने विचारलं असतं तर मी टू-स्ट्रोकच सांगितली असती.

उतारावरचं इंजिन ब्रेकिंग हा फोर-स्ट्रोकचा गुणही आहे आणि खोडही. लांब, मुरमाड उतारावर पहिल्या गिअरमध्ये गाडी स्वतःला धरून ठेवते, ब्रेकवर कमी भार येतो. पण उभ्या उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद झाला की मागचं चाक अडतं, घसरतं, आणि पुढच्याच क्षणी इंजिन बंद पडतं. उपाय दोन. आयडल, म्हणजे थ्रॉटल बंद असतानाचा इंजिनाचा वेग, मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला ठेवायचा. आणि उतारावर क्लचवरचं एक बोट कधीही काढायचं नाही, चाक अडतंय असं वाटताच क्लच किंचित ओढायचा. टू-स्ट्रोकवरून आलेल्यांना ही सवय लावायला त्रास होतो, तुम्हाला तो होणार नाही.

बंद पडलेली गाडी चालू करणं हा पुढचा मुद्दा. ४आरटीमध्ये फ्युएल इंजेक्शन आहे पण बॅटरी नाही. पंप, कंट्रोल युनिट आणि प्लग, सगळ्यांना लागणारी वीज तुमच्या किकमधून तयार होते. त्यामुळे अर्धवट, चिडून मारलेल्या चार किकांपेक्षा पूर्ण लांबीची एक दमदार किक लागते, आणि थ्रॉटलला हात लावायचा नाही. बीटा इव्हो ४टी सारख्या कार्ब्युरेटरवाल्या फोर-स्ट्रोकचं याच्या उलट आहे. गाडी आडवी पडून पेट्रोल भरलं असेल तर थ्रॉटल पूर्ण उघडून सावकाश तीन-चार किक मारून सिलेंडर मोकळा करायचा, मग थ्रॉटल बंद करून नेहमीची किक. दगडाच्या मध्यावर तिरके उभे असताना हे करावं लागतं, म्हणून गिअरमध्ये क्लच दाबून किक लागते की न्यूट्रल शोधावं लागतं ते विकत घेण्याआधी स्वतः बघा.

पाण्याबद्दल मी जरा जास्त बोलतो, कारण आपल्याकडे चार महिने हाच धोका आहे. ओढ्यात गाडी आडवी होऊन एअरबॉक्समधून पाणी आत गेलं तर टू-स्ट्रोकमध्ये बहुधा प्लग काढून, गाडी उलटी करून, किक मारून पाणी बाहेर काढता येतं. फोर-स्ट्रोकमध्ये सिलेंडरमधलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. शिवाय पाणी ऑईलमध्ये मिसळतं. म्हणून इंजिन पाण्यात बंद पडलं तर किकला पाय लावायचा नाही. गाडी बाहेर आणा, एअर फिल्टर काढून पिळा, प्लग काढा, मग प्लगशिवाय किक मारून पाणी उडवा. ऑईल दुधाळ चहासारखं दिसलं तर तिथेच थांबायचं आणि गाडी टेम्पोत टाकून घरी आणायची. स्वस्त ऑईल भरून दोन मिनिटं चालवा, काढा, पुन्हा भरा. ऑईल स्वच्छ निघेपर्यंत हे दोन-तीनदा करावं लागतं.

आता टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यामधली बारीक फट. फोर-स्ट्रोक घ्यायची की नाही, याचा निम्मा निर्णय इथेच आहे.

वापराने व्हॉल्व्ह आणि त्याची सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. फट संपली की इंजिन गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि पुढे व्हॉल्व्ह जळतो. लक्षणं अशी: किक हलकी लागते, गरम गाडी चालू व्हायला कुरकुरते, आयडल वरखाली होतो. आवाज मात्र वाढत नाही, उलट कमी होतो. रोजच्या गाडीवर ‘टॅपेट वाजतंय, आवाज बंद करून द्या’ म्हणायची जी सवय आपल्याला आहे, ती इथे थेट नुकसान करते. हलकी टिकटिक ऐकू आली पाहिजे.

फट मोजायची ती इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला आणा, फिलर गेजचं पातं अडखळत पण जोर न लावता सरकलं पाहिजे. फट बदलायची तर साध्या कम्युटर गाडीसारखा स्क्रू फिरवून भागत नाही. होंडाच्या या धाटणीच्या इंजिनात कॅमशाफ्ट उतरवून व्हॉल्व्हवरची शिम, म्हणजे ठरावीक जाडीची छोटी चकती, बदलावी लागते. नव्या शिमची जाडी म्हणजे जुनी शिम अधिक मोजलेली फट वजा हवी असलेली फट. समजा जुनी शिम २.०० मिमीची, मोजलेली फट ०.०५ आणि मॅन्युअल ०.१५ सांगतं, तर शिम १.९० ची हवी. हे आकडे फक्त गणित दाखवण्यासाठी आहेत, तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलेच धरा. शिम ०.०२५ मिमीच्या टप्प्याने येतात आणि जुन्या शिमवरचा छापील आकडा झिजून चुकीचा झालेला असू शकतो, म्हणून मायक्रोमीटर हवा. कॅम उतरवण्याआधी टायमिंगच्या खुणांचा फोटो काढा, टेन्शनर लॉक करा, कॅम चेन तारेने बांधून ठेवा आणि चेनच्या खोबणीत स्वच्छ फडकं कोंबा. ग्रीसने बोटाला चिकटलेली शिम निसटून त्या खोबणीत पडली तर पुढचे तीन तास तिलाच शोधण्यात जातात. बसवल्यावर इंजिन हाताने चार-पाच फेऱ्या फिरवून फट पुन्हा मोजायची.

मी टॅपेट दर ३० तासांच्या चालवण्यानंतर मोजतो. बहुतेक वेळा काही बदलावं लागत नाही, पण मोजणं चुकवत नाही. हे काम तुम्ही स्वतः शिकणार असाल, किंवा मायक्रोमीटर वापरणारा मेकॅनिक हाताशी असेल, तर फोर-स्ट्रोक त्रास देत नाही. ‘अंदाजाने सेट करतो’ म्हणणाऱ्याच्या हाती द्यायची असेल तर टू-स्ट्रोक घ्या. तिचं वरचं काम, म्हणजे सिलेंडर काढून पिस्टन-रिंग बदलणं, यापेक्षा खूप सोपं असतं.

ऑईलचं पथ्य सोपं आहे, एक सापळा सोडला तर. ४आरटीमध्ये इंजिनाचं आणि गिअरबॉक्स-क्लचचं ऑईल वेगवेगळं असतं. क्लच प्लेटची झीज इंजिनात जात नाही हा त्याचा मोठा फायदा. पण ही गाडी न पाहिलेला मेकॅनिक एका बाजूचं ऑईल काढतो आणि दुसऱ्या बाजूला भरतो. दोन्ही ड्रेन बोल्टवर पेंटने खूण करून ठेवा. इंजिनात मावणारं ऑईल अर्ध्या लिटरच्या आसपास असतं, इतकं थोडं ऑईल लवकर थकतं, म्हणून दर दहा तासांना बदलायचं. क्लचच्या बाजूला जासो एमए (ऑईलमध्ये बुडालेल्या क्लचच्या दुचाकींसाठीचा दर्जा) दर्जाचंच घाला, कारचं घातलं तर क्लच घसरतो.

पेट्रोलचा मुद्दा आपल्याकडे आता महत्त्वाचा झाला आहे. पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉल हवेतली ओल शोषतं आणि पावसाळ्यात अर्धवट भरलेली टाकी महिनाभर ठेवली की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो. टू-स्ट्रोकमध्ये हे जास्त घातक, कारण मिसळलेलं ऑईल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं आणि इंजिनात आधी तळाचं, ऑईल नसलेलं मिश्रण जातं. त्यातून इंजिन सीज होतं, म्हणजे पिस्टन आत अडकतो. फोर-स्ट्रोक या बाबतीत सुरक्षित आहे, पण तिचा इंजेक्टर पाण्याने आणि गाळाने अडतो. शिवाय स्पर्धेसाठी बनलेली जुनी इंजेक्शन प्रणाली ऑक्सिजन सेन्सरशिवाय चालते, त्यामुळे इथेनॉलमुळे लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) झालेलं मिश्रण ती स्वतः सुधारत नाही. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत जेट एक नंबर मोठा टाकून हे भागतं. दोन्हींना एकच नियम: चालवून आलात की टाकी रिकामी करा. दोन लिटर पेट्रोल स्कूटरमध्ये ओतून टाका. टू-स्ट्रोकचं मिश्रण मात्र तसं ओतू नका आणि ते लागेल तेवढंच बनवा. ७५ ला १ या प्रमाणात अडीच लिटरला ३३ मिली ऑईल लागतं.

आता गाडी बघायला जाताना. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की गाडी गरम करून ठेवू नका. पोचल्यावर आधी सिलेंडरला हात लावा, कोमट असेल तर परत या. थंड गाडी तीन-चार किकांत लागावी. दहा मिनिटं आयडलवर चालू ठेवा, रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू झाला पाहिजे. बंद करा, एका मिनिटाने किक मारा, पुन्हा बंद करून पाच मिनिटांनी मारा. टॅपेट घट्ट झालेली गाडी बहुधा इथेच पकडली जाते. मग बंद गाडी डाव्या बाजूला दहा सेकंद आडवी करा, उचला आणि किती किकांत लागते ते मोजा.

बॅशप्लेट, म्हणजे इंजिनाखालचं संरक्षक कवच, काढून बघितल्याशिवाय सौदा करू नका. खाली फ्रेमला तडा, वेल्डिंगची खूण किंवा इंजिन केसवर एम-सीलसारखा लेप दिसला तर गाडी सोडून द्या. ऑईल चिमूटभर बोटावर घेऊन उन्हात बघा, चांदीसारखी चमक म्हणजे बेअरिंग किंवा पिस्टन झिजतोय. मागचं चाक अधांतरी करून टायर वर-खाली ओढा, ‘टक’ असं लागलं तर लिंकेजची, म्हणजे मागच्या सस्पेन्शनच्या जोडांची, बेअरिंग गेली. मागचं चाक ट्यूबलेस असूनही स्पोकचं असतं, रिमच्या आतल्या पट्टीतून हवा गळते का ते स्पोकच्या मुळाशी साबणाचं पाणी लावून बघा. लिंकेजची बेअरिंग आणि फोर्कचं सील या कारणांसाठी गाडी नाकारू नका, फक्त किंमत पाडा. नमुना घेऊन नाना पेठेत गेलात की बेअरिंग आणि ऑईल सील त्यांच्या नंबरवरून बहुतेक मिळून जातात, बुश भोसरीत लेथवर करून मिळतं. न मिळणारी यादी वेगळी आहे: गास्केट किट, पिस्टन-रिंग, क्लच प्लेट, वॉटर पंपचा शाफ्ट आणि सील, इंजेक्टर, आणि ट्रायल्सचं मऊ रबराचं टायर. साध्या नॉबीने, म्हणजे मोठ्या गुठळ्यांच्या ऑफ-रोड टायरने, इथे काम होत नाही. किमतीच्या पाव भागाइतकी रक्कम या पहिल्या खरेदीसाठी बाजूला ठेवा.

कागदपत्रांमध्ये बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीच्या वेळचा सीमाशुल्काचा कागद, मागा आणि त्यावरचे इंजिन आणि फ्रेम नंबर गाडीशी जुळवा. ते नसेल तर सीमाशुल्क चुकवून आलेली गाडी तुमच्या नावावर यायची शक्यता आहे, आणि जप्ती तुमच्या दारात होते. नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवता येत नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ मध्ये स्पष्ट आहे. म्हणजे कोथरूडहून मुळशीला गाडी छोटा हत्तीतूनच जाणार. सरावासाठी टेकड्या नकोत. वेताळ टेकडी चालणाऱ्यांची आणि पक्ष्यांची आहे, तिथे चाकाचा एक चर पडला तर पुढच्या पावसात तो ओहोळ होतो. ओळखीच्या शेतकऱ्याचा पडीक माळ, त्यात चार-सहा दगड आणि एक कोरडा ओढा असला तरी वर्षभराचा सराव होतो. परवानगी तोंडी चालेल, पण प्रत्येक वेळी विचारून जा.

तर तुमच्यापुरतं उत्तर: घ्या, पण तीन अटींवर. बिल ऑफ एन्ट्री असलं पाहिजे, गरम गाडी दोन किकांत लागली पाहिजे, आणि टॅपेट मोजायची तयारी तुमची स्वतःची असली पाहिजे. तुमचं वजन, फोर-स्ट्रोकवर बसलेला हात आणि ओढ्याकाठची ओढ बघता ४आरटी तुम्हाला सोसेल. पुढे स्पर्धेत मोठ्या पायऱ्या आणि जागेवरच्या उड्या करायच्या हे आत्ताच पक्कं असेल, किंवा तिसरी अट जड वाटत असेल, तर थांबून २५० सीसीची टू-स्ट्रोक शोधा.

घेतलीत तर पहिल्याच रविवारी दगडांवर जाऊ नका. दोन्ही ऑईल बदला, टॅपेट मोजा, शक्य असेल तर थ्रॉटलची हळू उघडणारी नळी बसवा. हवा मागे ४ ते ५ आणि पुढे ६ ते ७ पीएसआय ठेवायची असते. पेट्रोल पंपावरचं गेज इतक्या खाली नीट दाखवत नाही, म्हणून ० ते १५ पीएसआयचं वेगळं गेज घ्या. मग सपाट माळावर दोन विटा ठेवून त्यांच्याभोवती पूर्ण हँडल वळवून आठचा आकडा काढत राहा, पाय न टेकता, पहिल्या गिअरमध्ये, एक बोट क्लचवर. सलग दहा आकडे जमले की ओढ्यात उतरा.